कॉम्प्युटर चालतोय ना, मग बदलायचा कशाला?

चांगली चालणारी वस्तू टाकून देणं आपल्या जिवावर येतं. कुकरमधून वाफ जायला लागली तर आपण आधी रिंग बदलून पाहतो. मिक्सरचं भांडं गळायला लागलं तर ते दुकानात नेऊन वायसर बदलून आणतो. जुन्या साड्यांच्या गोधड्या होतात, चादरींची पायपुसणी होतात. संसार असाच होतो आणि त्यात कमीपणा काही नाही. त्यामुळे घरातल्या कॉम्प्युटरवर एक दिवस 'तुमच्या विंडोजची मुदत संपली' अशा अर्थाची पाटी झळकली, की आपलं उत्तर ठरलेलं असतं. अहो, चालतोय ना? मग बदलायचा कशाला?

१४ ऑक्टोबर २०२५ पासून हा प्रश्न कितीतरी घरांत येऊन बसला आहे. त्या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०'ला द्यायचा आधार थांबवला. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर नेहमीसारखाच सुरू झाला. मुलांचा प्रकल्प छापून निघाला, वीजबिल भरलं गेलं, लग्नाचे फोटो होते तिथेच होते. मग बिघडलं काय? घरात यावर दोन मतं पडतात. एक म्हणतं, काही होत नाही, कंपन्यांना माल खपवायचा असतो. दुसरं मत बहुधा दुकानदाराचं असतं : "ताई, हा फेकून द्या, नवीन घ्या." माझ्या मते दोन्ही अर्धवट आहेत. आणि घरखर्चाची वही आपल्याच हातात असल्यामुळे खरं काय ते आपल्याला कळायला हवं.

आधार संपतो म्हणजे काय?

विंडोज म्हणजे कॉम्प्युटरच्या घरातली गृहिणीच म्हणा ना. कुठली वस्तू कुठे ठेवायची, छपाईच्या यंत्राला हाक कुणी मारायची, दारावर आलेल्याला आत घ्यायचं की नाही, हे सगळं ती बघते. आपण जे टाइप करतो, बघतो, ऐकतो ते तिच्या हातून होतं.

आमच्या वयाच्या मुलींना पहिली विंडोज भेटली ती बहुतेक 'एक्सपी'. दहावीची परीक्षा संपली की सुट्टीत एमएस-सीआयटी लावायची, हा त्या वेळचा रिवाजच होता. हा अभ्यासक्रम २००१ साली सुरू झाला, आणि योगायोग असा की विंडोज एक्सपीसुद्धा २००१ च्या ऑक्टोबरमध्येच बाजारात आली. पडद्यावरची ती हिरवीगार टेकडी आणि निळं आभाळ आठवतंय? कित्येकींना ते चित्र वाटायचं. तो चार्ल्स ओरिअर यांनी कॅलिफोर्नियात काढलेला खराखुरा फोटो आहे. त्या एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. तिच्यानंतर लोकांच्या पसंतीस उतरलेल्या विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला, आणि २०१५ मध्ये आलेल्या दहाचा २०२५ ला. म्हणजे हे काही आजच आभाळ कोसळलेलं नाही. दर काही वर्षांनी हे होतच आलंय.

आता हा आधार कसला? तर डागडुजीचा. इतक्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये चुका राहून जातातच. त्यांतल्या काही चुका अशा असतात की त्यांतून परक्या माणसाला आत शिरता येतं. अशी भोकं कुणी ना कुणी शोधून काढत असतं, आणि मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ती बुजवणारी दुरुस्ती पाठवते. आपण रात्री बंद करायला जातो आणि 'अपडेट चालू आहे, बंद करू नका' असं दिसतं, ते बहुतेक वेळा हेच. कटकट वाटते खरी, पण ते दाराची कडी दुरुस्त करणं असतं.

आधार संपला की ही दुरुस्ती थांबते. एवढंच असतं तर फार घाबरण्यासारखं नव्हतं. अवघड जागा पुढे आहे, आणि ती नीट समजून घ्यायला हवी.

असं समजा की एकाच बिल्डरने चाळीस इमारती बांधल्या आणि सगळ्यांना एकाच कारखान्याची कुलपं लावली. पुढे कळलं की त्या कुलपात खोट आहे. बिल्डरने नव्या इमारतींतली कुलपं बदलून दिली आणि 'या या खोटीमुळे कुलूप बदललं आहे' अशी नोटीसही लावली. जुन्या इमारतींची जबाबदारी संपली म्हणून तिथे कुणी फिरकलं नाही. ती नोटीस वाचून चोर कुठे जाईल? जुन्या इमारतीत! विंडोजचं अगदी असंच आहे. नवी विंडोज म्हणजे काही मुळापासून नवं बांधकाम नसतं, जुन्यातला पुष्कळ भाग तसाच पुढे नेलेला असतो. त्यामुळे नव्या विंडोजची दुरुस्ती बाहेर आली की जाणकार भामटे तिच्यात नेमकं काय बदललं ते तपासतात आणि तीच खोट जुन्या विंडोजमध्ये आहे का ते पाहतात. असली, तर ती कधीच बुजवली जाणार नसते. म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरमध्ये काहीही न बदलता तो महिन्यागणिक अधिक उघडा पडत जातो. बाहेरून मात्र काही कळत नाही. दूध नासलं तर वास तरी येतो. इथे तोही नाही.

मे २०१७ चा तो शुक्रवार

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर १२ मे २०१७ चा शुक्रवार आठवा. 'वॉनाक्राय' नावाचा एक उपद्रवी प्रोग्रॅम त्या दिवशी सुटला आणि दोन-तीन दिवसांत सुमारे १५० देशांतल्या दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटरांत शिरला. त्याची रीत अशी, की आत शिरल्याबरोबर सगळ्या फाइली कुलूपबंद करायच्या आणि पडद्यावर मागणी टाकायची : तीनशे डॉलर्स भरा, तीन दिवसांत न भरल्यास सहाशे. आणि हा रोग पसरायला कुणी चुकीचं बटण दाबावं लागत नव्हतं. एका कॉम्प्युटरमधून तो त्याच जाळ्यातल्या दुसऱ्यात आपला आपणच जाई.

इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेला याचा जबर तडाखा बसला. डॉक्टरांना रुग्णांचे कागद उघडता येईनात, रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णालयांकडे वळवाव्या लागल्या. तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांच्या अंदाजाप्रमाणे रुग्णांच्या १९,००० च्या आसपास भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. शेवटी मार्कस हचिन्स नावाच्या बावीस वर्षांच्या तरुणाला त्या प्रोग्रॅममधलीच एक कळ सापडली आणि त्याचा वेग थांबला. मायक्रोसॉफ्टने तर तीन वर्षांपूर्वी आधार काढून घेतलेल्या एक्सपीसाठीसुद्धा अपवाद म्हणून दुरुस्ती दिली.

आता यातली खरी ध्यानात ठेवायची गोष्ट. लागण झालेल्यांत बहुसंख्य कॉम्प्युटर होते विंडोज ७ चे. त्या वेळी सातचा आधार चालू होता! या खोटीची दुरुस्ती १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, मिळत होती. ती बसवून घेतलेली नव्हती, इतकंच. तेव्हा ज्यांच्या घरी अगदी नवा कोरा कॉम्प्युटर आहे आणि मुलं दर वेळी 'नंतर आठवण करा' हे बटण दाबून खेळायला बसतात, त्यांनीही निर्धास्त राहू नये. फुकट मिळणारी दुरुस्ती नाकारायची आणि आधार संपलेला कॉम्प्युटर वापरायचा, यात चोराच्या दृष्टीने फरक नाही.

पैशांच्या बाबतीत आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर बँकांच्या एटीएमचं. पैसे काढायचं ते यंत्रसुद्धा आत एक कॉम्प्युटरच असतं, आणि एक्सपीचा आधार संपून चार वर्षं उलटली तरी आपल्या देशातली बरीच एटीएम एक्सपीवर चालत होती. अखेर रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना फर्मान काढलं की जून २०१९ पर्यंत, टप्प्याटप्प्याने, सगळ्या एटीएममध्ये आधार चालू असलेलीच प्रणाली हवी. बँकेला जे धोक्याचं वाटलं ते आपण आपल्या बैठकीच्या खोलीत बिनधोक कसं समजायचं?

प्यायचं पाणी आणि वापरायचं पाणी

म्हणून जुना कॉम्प्युटर उचलून भंगारात द्यायचा का? मुळीच नाही. घरात आपण प्यायचं पाणी वेगळं भरतो आणि वापरायचं वेगळं. टाकीतलं पाणी प्यायला नको म्हणून कुणी ते ओतून देत नाही. धुणीभांडी, झाडं, फरशी त्याच पाण्यावर होतात. कॉम्प्युटरचंही तसंच करायचं. 'जुना की नवा' यापेक्षा 'याच्यावर कुठलं काम करायचं' हे आधी विचारायचं.

मी आठवड्यातून तीन दिवस ज्या शाळेत शिकवायला जाते तिथे प्रश्नपत्रिका अजून विंडोज ७ च्या कॉम्प्युटरवर टाइप होतात. त्याचं कारण आळस नाही. गेल्या पंधरा वर्षांचं सगळं साहित्य श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये आहे, आणि तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर त्याच फाइली उघडल्या की मराठीऐवजी नुसती गिचमिड दिसते. पत्रिका छापणारे, डीटीपीवाले यांच्याकडेही ही अडचण असते. त्या कॉम्प्युटरला इंटरनेट जोडलेलं नाही, वायफायचा पासवर्ड त्यात घातलेला नाही. बाहेरचा पेन ड्राइव्ह आधी ऑफिसातल्या नव्या कॉम्प्युटरवर तपासून घेतात, मग याला लावतात. असा तो अजून पाच वर्षं चालला तरी माझी हरकत नाही.

घरीही गाणी ऐकणं, मुलांच्या जुन्या सीडी, पत्रं लिहिणं, फोटो बघणं, सोसायटीची पावतीपुस्तकं छापणं, हे सगळं वापरायचं पाणी. पण बँक, पेन्शन, विम्याचे हप्ते, आयकर, आधार क्रमांक टाकायची कामं आणि ईमेल हे प्यायचं पाणी. ईमेलला काय होतंय, असं म्हणू नका. बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलायचे दुवे ईमेलवरच येतात. ज्याच्या हाती ईमेल, त्याच्या हाती घराची किल्ली.

"पण आमच्याकडे अँटिव्हायरस आहे," असं कुणी म्हणेल. असू द्या, काढू नका. विंडोज १० मध्ये असलेल्या 'डिफेंडर'ला नव्या रोगांची ओळख ऑक्टोबर २०२८ पर्यंत पुरवत राहू, असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेलं आहे. पण अँटिव्हायरस म्हणजे ओळखीच्या चोरांचे फोटो घेऊन बसलेला वॉचमन. कुलपाची खोट तो काढत नाही.

नवा घेण्यापूर्वी

दुकानात जाण्याआधी घरीच थोडं पाहा. सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' आणि त्याखाली 'अबाउट' उघडलं की कुठली विंडोज आहे ते कळतं. विंडोज १० असेल तर मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' नावाचा छोटा प्रोग्रॅम सांगतो की या कॉम्प्युटरवर अकरा बसेल की नाही. बसत असेल तर ती फुकट मिळते. तिला चार जीबी मेमरी, ६४ जीबी जागा, शिवाय 'टीपीएम २.०' नावाचा सुरक्षेचा भाग आणि ठरावीक प्रोसेसर लागतो. इंटेलचा प्रोसेसर असला तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा. कधी कधी टीपीएम आत असतो, पण बंद करून ठेवलेला असतो, आणि जाणकार माणूस तो पाच मिनिटांत चालू करून देतो. हे विचारल्याशिवाय पैसे काढू नका.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. दुकानदार म्हणतो, "एसएसडी टाकून देतो, मेमरी वाढवतो, नव्यासारखा पळेल." पळेल, खरंच पळेल. पण प्रोसेसर जुनाच राहिल्याने त्याला अकरा चालेलच असं नाही. वेग आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुणी आडमार्गाने अकरा बसवून देतो म्हणाला, तर पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, हेही त्याला ऐकवा. आणि 'क्रॅक' केलेली फुकटची विंडोज तर नकोच नको. चोराकडूनच कुलूप बसवून घेण्यासारखं ते आहे.

विंडोज १० वाल्यांना कंपनीने सुरक्षेच्या दुरुस्तीपुरती एक वर्षाची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत देऊ केली. मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून आपली सेटिंग्ज त्यांच्याकडे जपायला दिली तर फुकट, नाहीतर तीस डॉलर. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवला तेव्हा तिथल्या लोकांना सेटिंग्ज न देताही ती फुकट मिळाली. आपल्याकडे मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करते आहे, वाण्याकडचं वजन-माप कसं तपासावं हे कितीतरी बायका तिच्यामुळे शिकल्या. आता कॉम्प्युटर घेताना 'याला दुरुस्ती किती वर्षं मिळणार, लिहून द्या' असं विचारायची सवय आपण लावून घ्यायला हवी. धडधाकट यंत्र केवळ कंपनीने हात काढून घेतला म्हणून निकामी व्हावं, हे मला काही पटत नाही.

अकरा बसत नसेल आणि नव्याला पैसे नसतील, तर लिनक्सचा विचार जरूर करा. ही विंडोजऐवजी बसवायची वेगळी प्रणाली, पूर्णपणे फुकट, आणि तिची दुरुस्ती चालू असते. 'लिनक्स मिंट' आणि 'उबुंटू' हे तिचे प्रकार घरगुती वापराला सोयीचे. केरळातल्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकतात. पेन ड्राइव्हवरून ती नुसती चालवून पाहता येते, आवडली नाही तर पेन ड्राइव्ह काढला की आपली जुनी विंडोज जशीच्या तशी. मराठी टाइप होतं, इंटरनेट चालतं, वर्डच्या फाइलीही उघडतात. मात्र टॅलीसारखे विंडोजसाठीच केलेले हिशेबाचे प्रोग्रॅम तिच्यावर सरळ चालत नाहीत, आणि एखादा जुना प्रिंटर रुसतो. तेव्हा कायमची बसवण्याआधी घरातल्या प्रत्येकाने आपापलं काम तिच्यावर करून पाहावं.

फोनची उतरंड

"आमचं सगळं फोनवरच होतं," असं म्हणून ज्यांनी पान उलटायला घेतलं असेल, त्यांनी जरा थांबावं. फोनलाही हाच नियम आहे, आणि तिथे आपल्या घरांत एक गंमत होते. नवा फोन यजमानांना येतो. त्यांचा जुना आपल्याला मिळतो. आपला सासूबाईंना. चांगला चालतो, काच फुटलेली नाही, मग वाया का घालवायचा? पण हिशेब करून पाहा. ज्या फोनवर सासूबाईंच्या पेन्शनचे आणि मुदत ठेवींचे मेसेज येतात, ओटीपी येतो, तोच घरातला सगळ्यात जुना, दुरुस्ती थांबलेला फोन असतो. आणि भामट्यांचे फोनही नेमके म्हाताऱ्या माणसांनाच येतात.

फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' किंवा 'सिक्युरिटी' उघडलं की शेवटची सुरक्षा दुरुस्ती कधी मिळाली ती तारीख दिसते. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल तर त्या फोनवर बँकेचं ॲप ठेवू नये. गाणी, व्हिडिओ, नातवंडांचे फोटो खुशाल. २०२३-२४ पासून काही कंपन्यांनी आपल्या महागड्या फोनना सात वर्षं दुरुस्ती देण्याचं कबूल केलं आहे. स्वस्त फोनना ती बरीच कमी मिळते. घेताना कॅमेऱ्याबरोबर हेही विचारा. आमच्याकडे मी उतरंडच उलटी केली. नवा फोन सासूबाईंना दिला, जुन्यावर हे क्रिकेट बघतात. दोन दिवस कुरकुर झाली, मग बसली घडी.

पैसे गेल्याचं लक्षात आलंच, तर रडत बसण्याआधी १९३० या क्रमांकावर फोन करायचा. जितका लवकर कराल तितकी पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त. हा क्रमांक फ्रिजवर लिहून लावा, वेळेला आठवत नाही.

कॉम्प्युटर जुना असो वा नवा, फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा आणि काम झालं की ती डिस्क काढून कपाटात टाका. वॉनाक्रायसारख्या प्रोग्रॅमला जोडलेली डिस्कसुद्धा कुलूपबंद करता येते. कपाटातली येत नाही.

आणि कॉम्प्युटर अगदीच काढायचा ठरवलात, तर भंगारवाल्याच्या हातगाडीवर तसाच देऊ नका. 'डिलीट' केलेल्या फाइली पुन्हा काढता येतात. आतली हार्ड डिस्क चार स्क्रू काढले की निघते, ती स्वतःकडे ठेवा. उरलेलं खोकं ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. पडदा, कीबोर्ड, माउस चांगले असतील तर तेही देऊ नका. नव्या कॉम्प्युटरला ते चालतात, आणि पडद्याची तार बसत नसली तर तिचा छोटा जोड बाजारात मिळतो.